बोटभर जागा

१४ ऑक्टोबर

प्रिय धाकटी,

आज दुकानाला सुट्टी. सकाळी खिडक्यांच्या काचा पुसल्या. दुपारी बाजारात जाऊन स्कीचे बूट आणले. संध्याकाळी सूप केलं, मीठ जास्त पडलं, तरी संपवलं.

मधलं वाक्य तू परत वाचशील, म्हणून परत लिहितो. स्कीचे बूट आणले. माझ्यासाठी. डॉक्टर म्हणतात, दिवसभर स्टुलावर बसून लोकांच्या डोळ्यांत बघत राहिलात तर गुडघे गंजतील, काहीतरी हालचाल करा. म्हटलं, करू.

फोन केला असता, पण फोनवर मला बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. हल्ली तूही बोलत नाहीस. दोघांनी गप्पच बसायचं तर त्याला फोन कशाला हवा.

दुसरंही एक काम आहे. लॉजवाल्या बाईंनी विचारलंय, दर जानेवारीत स्कीसाठी तुम्ही दोघी बहिणी घेता ती खोली यंदा ठेवायची का. तुला विचारलं तर तू उत्तर दिलं नाहीस म्हणे. नोव्हेंबर संपेपर्यंत थांबा, एवढंच मी त्यांना सांगितलं. तुझ्या वतीने हो किंवा नाही काही म्हटलेलं नाही.

आता बुटांचं. चौकातल्या त्या मोठ्या खेळाच्या दुकानात गेलो होतो. तिथला विक्रेता फोनवर कुणाशी तरी भांडत होता, आणि भांडणातून माणसाला उठवणं मला जमत नाही. मग माझं मीच बघितलं. नेहमीपेक्षा दीड माप मोठे घेतले, आत जाड मोज्यांचे दोन जोड घालून. तुझ्या वडिलांचा नियम. बोटभर जागा हवी. लग्नाआधी त्यांनी मला बूट घेऊन दिले होते, तेव्हा भर दुकानात खाली बसून माझ्या अंगठ्यापुढे बोट दाबून पाहिलं होतं. मी तिशीला आलेला माणूस. म्हटलं, आता माझा पाय काही वाढायचा नाही. तर म्हणाले, "जावईबापू, सांगता येत नाही." त्या बुटांत मी वर्षभर कागदाचे बोळे घालून फिरलो, पण ते हयात होते तोवर दुसरे घ्यायची माझी छाती झाली नाही.

हेही बूट दुकानात अगदी सपातांसारखे मऊ लागले. घरी आल्यावर घालून हॉलमध्ये चालून पाहिलं. आवाज पुष्कळ झाला. खालच्या मजल्यावरच्या मास्तरांनी छताला ठोकलं नाही. बाहेर गेले असतील.

त्या दिवशी चपलांच्या रॅकपाशी थांबून तू जे म्हणालीस, त्याला मी उत्तर दिलं नाही. राग आला म्हणून नाही. सुचलं नाही.

प्रकृतीला जप.

तुझा,
भावोजी


२५ ऑक्टोबर

प्रिय धाकटी,

आज काम बेताचं होतं. एक आजोबा जवळचं आणि लांबचं दोन्ही दिसणारा चष्मा घेऊन गेले आणि तासाभरात परत आले, म्हणाले जिना पोहतोय. मी नेहमीचं सांगितलं, दोन दिवस डोकं जड होईल, मग सवय होईल. दुपारी दुकान आपल्या काउंटरवरच्या बाईंवर सोपवलं आणि बूट बदलायला गेलो.

बदलायला का, ते सांगतो. परवा स्कीवर उभं राहतात तसं गुडघे पुढे वाकवून पाहिलं. बूट जागेवर राहिला, टाच आत वर आली, आणि मी कोट अडकवायच्या खांबाला मिठी मारून खाली बसलो. खांब शाबूत आहे. मीही आहे. तुझी ताई असती तर जेवता जेवता थांबून हसली असती आणि मग आधी खांबाला लागलं का विचारलं असतं.

तर गेलो. मोठ्या दुकानात नाही, पुलापलीकडे एक बाई फक्त स्कीचे बूट बसवून देतात, त्यांच्याकडे. बाईंचा आवाज मोठा आहे. केसांत पेन्सिल खोचलेली, ती शोधण्यात त्यांचा बराच वेळ जातो. माझे बूट हातात घेतले आणि विचारलं, हे माप कुणी सांगितलं.

मी म्हटलं, माझ्या सासऱ्यांनी.

"त्यांना घेऊन या एकदा."

"ते जाऊन बरीच वर्षं झाली."

"मग राहू दे," त्या म्हणाल्या. "माफ केलं त्यांना."

स्कीच्या बुटाचे दोन भाग असतात हे तुला माहीत असेल, मला नव्हतं. बाहेरचं कडक कवच आणि आतला मऊ बूट. त्यांनी आतला काढून टाकला, रिकाम्या कवचात मला पाय घालायला लावला, बोटं पुढे टेकवायला सांगितली आणि टाचेमागे स्वतःची बोटं घालून पाहिली. एक, फार तर दीड बोट मावलं पाहिजे. माझ्या टाचेमागे त्यांची मूठ गेली. मूठ तशीच आत ठेवून त्यांनी माझ्याकडे वर बघितलं. मला कळलं.

म्हणजे बघ, वडिलांचा नियम अगदीच खोटा नव्हता. बोटभर जागा हवीच. फक्त ती मागे, आणि रिकाम्या कवचात. आतला बूट घातला की ती उरत नाही. उभं राहिलं की बोटं पुढे टेकतात, गुडघे वाकवले की मागे सरकतात. तुम्ही दोघी वर्षानुवर्षं पुढे जागा ठेवून घसरलात. बूट थांबायचा, पाय थांबायचा नाही, म्हणून अंगठे काळेनिळे. घरी येऊन तुझी ताई टबात पाय सोडून बसायची आणि म्हणायची, बर्फावर असंच असतं. मी मान डोलवायचो. मला काय माहीत बर्फावर कसं असतं.

बाईंनी माझा पाय बसून मोजला, मग उभं करून मोजला. उभा पाय चांगलाच लांब भरला. मग मोजे बघितले. दोन जोड जाड मोजे घालतात का कुणी, एक पातळ पुरे, म्हणाल्या. मी विचारलं, इतका घट्ट बूट दुखणार नाही का, की सवय होईल. त्या म्हणाल्या, घट्ट म्हणजे हातात हात घेतल्यासारखा घट्ट, चिमटा काढल्यासारखा नाही. चिमटा बसत असेल आणि कुणी 'सवय होईल' म्हणालं, तर तो माणूस घाईत आहे असं समजा.  माझा निम्मा धंदा त्या दोन शब्दांवर चालतो. त्या आजोबांना उद्या बोलावून घेणार आहे, काच पुन्हा तपासून बघतो.

मोठ्या दुकानाने बूट परत घेतले. बाईंनी एक जोड घरी घालून पाहायला दिलाय.

तुझं काही कळलं नाही. ठीक असशील.

भावोजी


३ नोव्हेंबर

प्रिय धाकटी,

आज तुझं कार्ड आलं. त्याआधी सकाळी कपडे धुतले आणि दोरी तुटली म्हणून खुर्च्यांवर वाळत घातले. घर निर्वासितांच्या छावणीसारखं दिसतंय. कार्ड त्यातल्याच एका खुर्चीत, ओल्या चादरीला टेकून वाचलं.

तू दोन गोष्टी लिहिल्यास. एक, या वयात पाय मोडून घ्यायची हौस आली आहे का. दोन, ताईच्या बुटांना हात लावू नका.

पहिल्याचं उत्तर, हौस नाही. भीती आहे. बर्फ सोड, मला ओल्या फरशीचीही भीती वाटते, म्हणून तर इतकी वर्षं दुकानाची वार्षिक मोजदाद नेमकी तुमच्याच आठवड्यात यायची. तुझ्या ताईला ते ठाऊक होतं. तिने मला कधी ओढलं नाही. "अहो चष्मेवाले, तुम्ही काचा सांभाळा," म्हणायची आणि बॅग उचलायची.

दुसऱ्याचं उत्तर देणं अवघड आहे, कारण तुझं कार्ड यायच्या आदल्याच दिवशी मी त्यांना हात लावला.

बाईंनी मला दिलेला पहिला जोड बरोबर नव्हता. लांबी नेमकी होती, पण पायाचा वरचा भाग असा दाबला जायचा की अर्ध्या तासात बोटं बधिर. परत नेला तेव्हा बाईंनी स्वतःच्या कपाळावर हात मारला. म्हणाल्या, चूक माझी, तुमचा पाय वरून घोड्याच्या पाठीसारखा आहे, आणि मी नुसती लांबी बघत बसले. दुसरा जोड येईपर्यंत आठवडा लागणार होता. तेव्हा मला वाटलं, तिचे बूट का नको. तुला आठवतं ना, आमच्या दोघांच्या पायांचं माप एकच. माझ्या सपाता कधी माझ्या पायात नसायच्या. पाहुण्यांसमोर मी अनवाणी, आणि ती माझ्या सपाता घालून चहा आणायची. मी काल रॅकजवळचा तिचा खोका उचलला आणि पुलापलीकडे नेला.

बाईंनी खोका उघडला आणि लगेच ओळखलं. हे मी बसवलेत, म्हणाल्या. डावी टाच फार अरुंद, तिथे मी पट्टी लावली होती. ती बाई फार हसायची. मग बूट उलटे करून तळ बघितला. एक ओरखडा नाही. त्या म्हणाल्या, "हे बर्फावर गेलेच नाहीत."

मी म्हटलं, "नाही. हे फक्त स्वयंपाकघरात गेलेत."

मग त्यांनी पेन्सिल केसांत खोचली आणि परत काढली.

तुला हे माहीत नाही, धाकटी. मला वाटत होतं माहीत असेल, पण तुझ्या कार्डावरून कळलं की नाही. गेल्या वर्षी ती तुला न सांगता पुलापलीकडे गेली होती. जानेवारीत लॉजवर तुझ्यासमोर पाय उघडे करून दाखवणार होती, एकही नख काळं नाही असे. मग तुलाही तिथे घेऊन जाणार होती. वडिलांचा नियम मोडायचा तर आधी आपण मोडून बघावा, धाकटीला नंतर सांगावं, असं तिचं म्हणणं.

हे बूट बसवताना आतला मऊ बूट गरम करतात. तो नरम झाला की पाय घालायचा, बकल लावायचे आणि तो गार होईपर्यंत तसंच उभं राहायचं. मग तो त्या पायाचा होतो. शिवाय खाली इनसोल, तळव्याच्या कमानीचा ठसा घेऊन केलेले. आणि मग बाई सांगतात, रोज संध्याकाळी घरात घालून वावरा. म्हणून गेल्या वर्षी या दिवसांत ती रोज ते बूट घालून स्वयंपाक करायची. कांदा चिरताना, भांडी घासताना, फोनवर तुझ्याशी बोलताना. तू विचारलंसही होतंस, हा कसला खडखडाट, तर म्हणाली, चष्मेवाल्यांनी नवीन मिक्सर आणलाय. मी पेपर वाचत समोर बसायचो. खालून मास्तर छताला काठीने दोनदा ठोकायचे. ही टाचेने दोनदा उत्तर द्यायची. मास्तर संगीत शिकवायचे, त्यांना उत्तर सम गाठून द्यावं लागतं असं ती म्हणायची.

त्यानंतर तपासण्या सुरू झाल्या. पुढचं तुला माहीत आहे.

तर मी बाईंना विचारलं, हे मला होतील का. त्यांनी पाय घालून बघायला लावला. लांबीला झाले, पण वरचं बकल मिटेना. गरम केले तर होतील, त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, पण एकदा गरम केलं की आतला आकार जातो, हे तुम्हाला सांगायला हवं. आधीचा पाय राहत नाही.

मी इनसोल बाहेर काढून पाहिले. अंगठ्याची खळगी आहे. टाचेची आहे. डावीकडची किंचित तिरकी, ती उभी राहायची तशी. मी म्हटलं, नको. खोका बंद केला आणि घरी आणला.

म्हणजे हात लावला, पण बदललं काही नाही. आता तुला राग यायचा असेल तर पूर्ण ऐकून येऊ दे.

मास्तर काल जिन्यात भेटले. म्हणाले, हल्ली वर परत बुटांचा आवाज येतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा काठी उचलली आणि तशीच खाली ठेवली. मी म्हटलं, मीच होतो. ते म्हणाले, "ते कळलंच हो. तुमच्या चालण्यात ताल नाही."

भावोजी


१२ नोव्हेंबर

प्रिय धाकटी,

आज माझे बूट तयार झाले. दुकान लवकर बंद करून गेलो. आधी इनसोल. बाई दोन गरम गाद्यांवर उभं करतात, पायाचा ठसा उमटतो, मग तो कापून घासून बुटात बसवतात. माझी कमान जवळजवळ नाहीच म्हणाल्या, पाय भाकरीसारखा सपाट. तो सपाट आणि वरून घोड्याची पाठ, म्हणजे एकूण जनावर कुठलं हे त्यांना ठरवता येईना. मग आतला बूट गरम करून पायात चढवला आणि मी दुकानाच्या मधोमध वाकलेल्या गुडघ्यांनी उभा राहिलो. आणखी एक गिऱ्हाईक आलं, त्या गृहस्थांना वाटलं मी पुतळा आहे. बाईंनी त्यांना सांगितलं, हात लावू नका, अजून ओला आहे.

तिथे तसं उभं राहिल्यावर करायला दुसरं काही नसतं. माणूस विचार करतो. मी ठरवलं की तुला खरं लिहायचं.

डॉक्टर गुडघ्यांबद्दल काही बोललेले नाहीत. ते मी रचलं.

तुझ्या ताईने शेवटच्या आठवड्यात मला सांगितलं होतं. तू तेव्हा चहा आणायला खाली गेली होतीस. ती म्हणाली, "धाकटी आता जायची नाही. एकटीला तिला पहिल्या उताराची भीती वाटते, अजून. मी पुढे गेले की ती येते." मी म्हटलं, मग. ती म्हणाली, तिला वाटतं ती माझ्यासाठी येते, मला वाटतं मी तिच्यासाठी जाते, आणि त्यात आमची मजा होते. मग तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. तर तशीच म्हणाली, "तुम्ही तिच्या पुढे जाऊ शकणार नाही. पण मागे पडलात तरी चालेल. तिला कुणालातरी उठवायला आवडतं."

मी हो म्हटलं. त्या खोलीत मी सगळ्यालाच हो म्हणत होतो. पण हे मनात धरून हो म्हटलं होतं.

तेव्हा रॅकपाशी, तिचे नवे बूट बघून, "एकदा तरी यायचं होतं भावोजी तुम्ही. एकदा," असं तू म्हणालीस तेव्हा माझ्या तोंडात तेच होतं की, मी येणार आहे. पण ती गेली त्या दिवशी ते कसं बोलणार. आणि तू चहा न घेता गेलीस.

मी तुझ्यावर काही लादत नाही. तुला तो डोंगर परत बघवत नसेल तर तसं कळव, लॉजवाल्या बाईंना मी नाही सांगतो, आणि माझे बूट खेळाच्या कुठल्या क्लबला देऊन टाकतो. घोड्याची पाठ असलेला आणखी कुणीतरी या जगात असेलच.

या पत्रासोबत एक खोकाही निघालाय, रेल्वेच्या पार्सलने. त्यात तिचे बूट आहेत. हात लावू नका म्हणालीस, ते बरोबर होतं. ते माझ्या पायाचे नाहीत. बाईंना मी तुझ्या पायाबद्दल विचारलं, माझ्या आठवणीप्रमाणे सांगितलं की दोघींची डावी टाच सारखीच, तुमच्या आईवर गेलेली, चप्पल नेहमी त्याच पायातून निसटायची. त्या म्हणाल्या, मग तिने घालून बघायला काही हरकत नाही.

घाल असं मी म्हणत नाही. तुझ्याकडे असावेत, एवढंच. पातळ मोजा मी आत ठेवलाय. एकच जोड.

तुझा,
भावोजी


२१ नोव्हेंबर

प्रिय धाकटी,

आज सकाळी गार होतं, दुकानाच्या काचेवर धुकं धरलं होतं. ते पुसत असताना तुझा फोन आला. त्यावर आपण जेवढं बोललो त्याहून जास्त गप्प बसलो, पण बरं वाटलं. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, कुणाचा फोन होता, तुम्ही नुसते उभेच. मी म्हटलं, घरचा.

तू विचारलंस त्याचं उत्तर तेव्हा दिलं नाही. लिहून देतो म्हटलं. दिवसभर मनात होतं.

तू म्हणालीस ते मी नीट ऐकलं का, ते बघ. बूट तू दोन दिवस खोक्यातच ठेवलेस. मग घातलेस. डावी टाच अशी बसली की तू पलंगावर बसून राहिलीस. इनसोल जसेच्या तसे बसले, कमान तुम्हा दोघींची एकच. पण तुझा पाय तिच्यापेक्षा थोडा लांब आहे, अंगठा पुढे कडक लागतो, गुडघे वाकवले तरी मागे येत नाही. तुझ्याकडच्या दुकानात दाखवलेस. ते म्हणाले कवच ठीक आहे, टाचेमागे बोट जातं, फक्त आतला बूट परत गरम करायला हवा, की अंगठ्याला जागा होईल. आणि तू म्हणालीस, "पण मग ताईचा पाय जाईल ना. मी काय करू, भावोजी?"

आमच्या दुकानात दर काही महिन्यांनी कुणीतरी रुमालात गुंडाळलेला चष्मा घेऊन येतं. आईचा असतो, नवऱ्याचा असतो. म्हणतात, फ्रेम चांगली आहे, यात माझ्या नंबरच्या काचा बसवा. मी जुन्या काचा काढतो, नव्या बसवतो, देतो. आजवर हजारदा केलं असेल. जुन्या काचांचं काय करू असं मी कधी कुणाला विचारलं नाही, आणि त्यांनी मला विचारलं नाही. त्या माणसाच्या नंबरच्या काचा, त्यांतून दुसऱ्याला धडपणे काहीच दिसत नाही. तरी आज दुपारी मी खणात बघितलं, अशा काही अजून पडून आहेत. टाकवल्या नाहीत, एवढंच. त्यांतून काही होत नाही.

खोका मी इथे वर्षभर ठेवला. रोज बाहेर पडताना दिसायचा. आत तिचा पाय आहे हे मला त्या बाईंनी सांगेपर्यंत माहीतही नव्हतं, आणि कळल्यावर मात्र असं झालं की हे कुणी घेऊ नये. तुला पाठवतानाही मनात होतं की तू घालशील, होणार नाहीत, आणि परत पाठवशील. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

पण तिने ते बूट ठेवायला घेतले नव्हते. घसरायला घेतले होते. तिला नखं तेवढी काळी करून घ्यायची नव्हती.

तर गरम कर. उद्याच कर, दिवस ढकलू नकोस, नाहीतर मी फोन करून नको म्हणेन. गार होईपर्यंत नीट गुडघे वाकवून उभी राहा, मध्येच हलू नकोस, आणि कुणी पुतळा म्हणालं तर म्हणू दे. अंगठ्यापुढे जागा हवी तेवढीच करून घे. वडिलांची आठवण काढून जास्त करू नकोस.

इनसोल मात्र तसेच राहू देत. ते गरम करायची गरज नाही, तूच म्हणालीस बसले.

लॉजवाल्या बाईंना आत्ताच फोन केला. तुझी खोली नेहमीची. मला वरची छोटी, स्वयंपाकघरावरची. त्या म्हणाल्या, तुम्ही म्हणजे ते काचावाले का, तुमच्याबद्दल फार ऐकलंय. काय ऐकलंय ते विचारायचा धीर झाला नाही. पहिल्या दिवशी नवशिक्यांच्या उतारावर एक गुरुजी मला शिकवतील, तिथे म्हणे पाच वर्षांची मुलं असतात. तू तेवढा वेळ कुठेतरी लांब जा. दुसऱ्या दिवसापासून बघू. मी मागेच असेन. तेही कितपत मागे, हे पडण्यावर अवलंबून.

आजोबांचा चष्मा नीट झाला, ते लिहायचं राहिलं. काचेचा मध्य चुकला होता. माझ्याकडूनच.

आता साडेसात वाजलेत. बाईंच्या हुकमाप्रमाणे संध्याकाळपासून बूट पायात आहेत. जेवण झालं. पत्र इथे टेबलावरच लिहितोय, बशी बाजूला सारून. अधूनमधून पाय हलवतो, चिमटा कुठे बसत नाही.

मध्येच उठलो होतो. भांडी घासायला घेतली. एक पातेलं, एक ताट, कपबशी. ओट्यापाशी या बुटांत सरळ उभं राहता येत नाही, गुडघे वाकतातच, त्यामुळे सिंक बरोबर उंचीवर येतं. तिला हे माहीत असणार. पातेलं घासत होतो तेव्हा खालून मास्तरांनी ठोकलं. दोनदा.

मी नळ बंद केला. टाचेने दोनदा उत्तर दिलं. सम चुकली बहुतेक. थोडा थांबलो, खालून काही आलं नाही. मग नळ परत सोडला आणि कपबशी विसळून पालथी घातली.

तुझा,
भावोजी